कोळशाच्या पोटातील विष

मुरगाव बंदरातील कोळशाचा प्रश्न गोमंतकात निघाला की तो बहुधा काळ्या धुळीपाशी येऊन थांबतो. वास्कोतील खिडक्यांच्या गजांवर बसणारी पूड, वाळत घातलेल्या कपड्यांवरचे डाग, वाघिणींवर ताडपत्री होती की नव्हती, धक्क्यावर पाण्याचे फवारे चालू होते की बंद, एवढ्याच वर्तुळात ही चर्चा कित्येक वर्षे फिरत आहे. २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत बंदराच्या विस्तारासंबंधी वास्कोत ज्या जनसुनावण्या झाल्या त्यांत, आणि २०२० च्या नोव्हेंबरात रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदर येथे रात्री रुळांवर जमलेल्या हजारो लोकांच्या तोंडीही, मुख्यतः हाच सूर होता. तो रास्त नव्हता असे कोण म्हणेल? ज्याच्या घरात धूळ येते त्याने धुळीबद्दलच बोलावे. परंतु धूळ हे कोळशाचे बाह्यांग झाले. त्या कणाच्या आत काय दडलेले असते, ते तेथे कसे आले, कोणाच्या आश्रयाने राहते आणि केव्हा बाहेर पडते, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. आणि प्रश्नच विचारला गेला नाही म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारीही कोणावर पडत नाही, हे सांगावयास नकोच.

कोळसा म्हणजे कार्बन, हे शालेय पुस्तकातील समीकरण अर्धेच खरे आहे. निसर्गात आढळणाऱ्या मूलद्रव्यांपैकी बहुतेक सर्व कोळशात कमीअधिक प्रमाणात सापडतात. त्यांपैकी ज्यांचे प्रमाण दर टनाला एक किलोग्रॅमहूनही कमी असते त्यांना शास्त्रज्ञ ‘लेशमूलद्रव्ये’ म्हणतात. जगभरच्या कोळशाची सरासरी काढली तर एका टनात पारा सुमारे ०.१ ग्रॅम, कॅडमियम ०.२ ग्रॅमच्या आसपास, सेलेनियम ग्रॅम-दीड ग्रॅम, युरेनियम सुमारे २ ग्रॅम, सोमल म्हणजे आर्सेनिक आठ-नऊ ग्रॅम, शिसेही जवळपास तेवढेच, आणि फ्लुओरिन ८० ते ९० ग्रॅम भरते. आकडे इतके क्षुल्लक दिसतात की वाचकाने खांदे उडवावेत. पण कोळसा कोणी टनाने जाळीत नाही. २०२४-२५ या वर्षी भारतातील कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले, याचा मोठा गाजावाजा झाला. वरील सरासरीच धरली तर या १०० कोटी टनांबरोबर सुमारे १०० टन पारा भूगर्भातून वर काढला गेला, असा हिशेब निघतो. हा हिशेब सरासरीचा आहे, मोजणीचा नव्हे, आणि त्यातला सगळाच पारा हवेत जातो असेही नाही. तरी प्रश्न किती मोठा आहे हे त्यावरून समजावे.

ही द्रव्ये कोळशात आली कोठून? ज्या दलदलीत वनस्पती कुजून प्रथम पीट व नंतर कोळसा बनला, ती दलदल काही बंद बाटली नव्हती. वनस्पतींनी मुळांवाटे काही द्रव्ये शोषली. नद्यांनी गाळ आणून टाकला. ज्वालामुखी दूर कोठे भडकला असेल तर त्याची राख वाऱ्यावर येऊन थरावर बसली. समुद्राचे पाणी आत शिरले असेल तर त्यातील सल्फेटवर सूक्ष्म जीवाणूंनी प्रक्रिया केली, त्यातून निघालेल्या गंधकाने लोहाशी संयोग केला आणि पायराइट हे पिवळट चमकदार खनिज कोळशाच्या अंगात तयार झाले. पुढे कोट्यवधी वर्षांनी जमिनीखालून आलेल्या उष्ण द्रवांनी कोळशाच्या भेगांतून आणखी काही आणून भरले ते वेगळेच. म्हणजे कोळशाच्या प्रत्येक थराला स्वतःचा इतिहास असतो. एकाच खाणीतील वरच्या आणि खालच्या थरांतही या द्रव्यांचे प्रमाण अनेक पटींनी बदलते. ‘आमचा कोळसा चांगला, त्यांचा वाईट’ अशा सरधोपट विधानांना म्हणूनच फारसा अर्थ नाही.

एक गोष्ट येथे गंमत म्हणून नमूद करावीशी वाटते. या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम वेधले ते विषाच्या भीतीने नव्हे, तर लाभाच्या आशेने. १९३०च्या सुमारास व्ही. एम. गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाने जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे कोळशाच्या राखेचे पृथक्करण केले, तेव्हा जर्मेनियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्ये तीत आश्चर्यकारक प्रमाणात गोळा झालेली त्याला आढळली. राखेत धन आहे हे जगाला आधी कळले. त्याच राखेत विषही आहे हे कळावयास आणखी काही दशके जावी लागली.

आता मुद्द्याचे. एखादे मूलद्रव्य कोळशात किती आहे यापेक्षाही ते कोणत्या रूपात आहे याला अधिक महत्त्व आहे. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट फिंकेलमन या शास्त्रज्ञाने आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग याच एका प्रश्नासाठी वेचला. ढोबळमानाने सांगावयाचे तर सोमल, पारा व थॅलियम ही मंडळी बहुधा पायराइटच्या आश्रयाला असतात. सेलेनियमचाही काही भाग तेथे सापडतो. कॅडमियम जस्ताच्या सल्फाइडात, तर शिसे स्वतःच्या सल्फाइडात किंवा सेलेनाइडात असते. क्रोमियमचा बराच भाग चिकणमातीच्या खनिजांत सापडतो. फ्लुओरिन फॉस्फेटात व मातीत असते. थोरियम मोनाझाइटच्या कणांत असते. हेच मोनाझाइट केरळच्या वाळूत सापडते. बोरॉन आणि जर्मेनियम मात्र कोणत्याही खनिजाचा आसरा न घेता कोळशाच्या सेंद्रिय द्रव्यालाच चिकटून बसतात.

ही केवळ प्रयोगशाळेतील वर्गवारी नव्हे. कोळसा पाण्याने धुतला तर विष निघेल की राहील, हे या एका गोष्टीवर ठरते. पायराइट कोळशाहून कितीतरी जड असते. ते भेगांत जाड पापुद्र्याच्या रूपाने बसलेले असेल तर धुलाईकेंद्रात ते तळाशी जाते आणि त्याबरोबर सोमल व पारा यांचा चांगलाच वाटा निघून जातो. परंतु तेच पायराइट डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपाने सर्वत्र पसरलेले असेल, अथवा मूलद्रव्य सेंद्रिय भागालाच बांधलेले असेल, तर कितीही धुवा, ते जागचे हलणार नाही. आपला गोंडवन काळातील कोळसा याच बाबतीत नाठाळ आहे. त्याच्या दलदलीत नद्यांनी इतका गाळ ओतला की राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४५ भरते आणि ती राख कोळशाच्या कणाकणात मिसळलेली असते. त्यात गंधक कमी हा त्याचा गुण खरा. पण या एका गुणाच्या आधारावर आपल्याकडे फार मोठी धोरणे उभी राहिली आहेत. त्यांकडे पुढे वळू.

कोळसा भट्टीत गेला की या द्रव्यांच्या वाटा फुटतात. मँगेनीजसारखी जड प्रकृतीची द्रव्ये राखेतच राहतात. सोमल, शिसे, कॅडमियम यांची भट्टीच्या उष्णतेत वाफ होते आणि धूर निवू लागताच ती वाफ राखेच्या कणांवर पुन्हा गोठते. ती बसते मुख्यतः अतिसूक्ष्म कणांवर, कारण वजनाच्या मानाने पृष्ठभाग त्यांचाच जास्त. औष्णिक केंद्रातील विद्युत्‌-अवक्षेपक शेकडा ९९ हून अधिक राख पकडतो असे अभिमानाने सांगितले जाते, आणि वजनाने पाहिले तर ते खरेही आहे. परंतु निसटते ती नेमकी बारीक राख. विषाचा लेप तिच्यावरच जाड असतो आणि फुप्फुसात खोलवर जाते तीही तीच. पारा तर या सर्वांहून चतुर. त्याचा बराच भाग वायुरूपातच धुराड्यातून बाहेर पडतो. त्याचा क्लोरिनशी संयोग झाला तर तो पाण्यात विरघळतो आणि गंधक काढण्यासाठी बसविलेल्या धूरधुलाई यंत्रणेत सापडतो. तसे झाले नाही तर तो महिनोन् महिने हवेत फिरतो आणि कोणत्या देशाच्या पाण्यात उतरेल याचा नेम नसतो. पाण्यात उतरल्यावर जीवाणू त्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात आणि तेथून तो मासळीत येतो. मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याला या वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नसावी.

कोळशातील लेशमूलद्रव्यांनी माणसाचे काय होऊ शकते याचे सर्वांत विदारक उदाहरण चीनच्या ग्वीझो प्रांतातील आहे. तेथील काही लहान खाणींतील कोळशात सोमलाचे प्रमाण एका टनात ३५ किलोग्रॅमपर्यंत आढळले. म्हणजे सरासरीच्या चार हजार पट. शेतकरी हा कोळसा घरात, धुराडे नसलेल्या चुलीत जाळीत आणि पावसाळी हवेत वाळत नसलेल्या मिरच्या व मका त्यावर टांगून सुकवीत. ताज्या मिरचीत दशलक्षात एक भागही सोमल नव्हता. या धुरावर वाळलेल्या मिरचीत तो ५०० भागांपर्यंत गेला. किमान तीन हजार लोकांना त्वचेचे व इतर विकार जडले. त्याच भागात फ्लुओरिनमुळे दात व हाडे बिघडलेल्यांची संख्या तर एक कोटीच्या घरात होती, आणि त्यातले पुष्कळसे फ्लुओरिन कोळशातून नव्हे तर कोळशाच्या पुडीचे गोळे वळताना मिसळलेल्या चिकणमातीतून आले होते. शास्त्रज्ञांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा या कोळशातील सोमल मुख्यतः पायराइटात नव्हता. तो सेंद्रिय द्रव्याशीच बांधलेला होता. हा कोळसा धुतला असता तरी तो जागचा हलला नसता.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. उत्तर कॅरोलायना राज्यातील बेल्यूज तलावात १९७४ पासून एका औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्याचे पाणी सोडले जाऊ लागले. त्यातील सेलेनियम तलावाच्या पाण्यात अब्जात सुमारे दहा भाग एवढेच झाले होते. पण अन्नसाखळीतून ते वाढत गेले आणि काही वर्षांतच तलावातील माशांच्या बहुतेक सर्व जाती नाहीशा झाल्या. पाणी स्वच्छ दिसत होते आणि मोठे मासे काही काळ हिंडतही होते. निपज मात्र थांबली होती.

आपल्या देशातील चित्र याहून निराळे समजण्याचे कारण नाही. मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश यांच्या सीमेवरील सिंगरौली-सोनभद्र पट्ट्यात खाणी आणि वीजकेंद्रे यांची दाटी आहे. १९९० नंतरच्या दशकात लखनौच्या विषशास्त्र संस्थेने आणि २०१२ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने तेथील रहिवाशांच्या रक्तात पारा असल्याचे दाखवून दिले. २०१९ व २०२० या दोन वर्षांत या एकाच परिसरात राखेचे बांध तीन वेळा फुटले आणि एप्रिल २०२० मधील सासन येथील फुटीत सहा जीव गेले. नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील बांध जुलै २०२२ मध्ये फुटून राख शेतांत व नदीनाल्यांत पसरली. प्रत्येक वेळी बातमी आली ती ‘राख वाहून गेली’ अशी. राखेत काय होते हे बातमीत नव्हते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी गंधक, नायट्रोजन ऑक्साइड, धूलिकण आणि पारा यांच्या मर्यादा प्रथमच एकत्रित बांधून दिल्या. पाऱ्याची मर्यादा होती घनमीटर धुरामागे ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. ही मर्यादा कितपत कडक आहे हे साध्या त्रैराशिकाने तपासता येते. एक किलोग्रॅम भारतीय कोळसा जळला की सुमारे पाच ते सात घनमीटर धूर होतो. त्या किलोग्रॅमात जागतिक सरासरीइतका म्हणजे ०.१ मिलिग्रॅम पारा असेल आणि तो सगळाच्या सगळा धुरात गेला, तरी घनमीटरमागे १४ ते २० मायक्रोग्रॅम एवढाच भरतो. म्हणजे काही एक उपाय न करता नियम आपोआप पाळला जातो! असा नियम करणाऱ्यांनी तो कोणाला अडविण्यासाठी केला होता, असा प्रश्न आम्हांस पडतो.

खरा अंकुश होता तो गंधकाच्या मर्यादेचा. ती पाळण्यासाठी धूरधुलाई यंत्रणा बसवावी लागली असती आणि तिच्यात पारा व सेलेनियम यांचाही काही भाग अनायासे अडकला असता. तिची २०१७ ही पहिली मुदत गेली, पुढच्याही गेल्या. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक संचांना, ठरावीक उंचीचे धुराडे असल्यास, गंधकाच्या मर्यादेतूनच सूट दिली. कारण काय, तर भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतील गंधकाचे प्रमाण मर्यादेत आहे. यंत्रणेचा खर्च प्रचंड, तिला लागणारी वीज व चुनखडी यांमुळे कार्बन डायॉक्साइडही वाढतो, हा शासनाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हे मान्य करावयास हवे. पण तो केवळ गंधकापुरता आहे. गंधकासाठी बसणाऱ्या यंत्रणेबरोबर पाऱ्याचा बंदोबस्तही होणार होता. यंत्रणा गेली, मग पाऱ्याचे काय? भारताने १८ जून २०१८ रोजी पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारास मान्यता दिली आणि या करारात कोळशावरील वीजकेंद्रांचा नामनिर्देशाने उल्लेख आहे, याची आठवण निदान या निमित्ताने तरी कोणी करून द्यावयास हवी होती. आपल्या जवळचाच दाखला हवा असेल तर डहाणूचा घ्यावा. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने चिकाटी धरली म्हणून तेथील ५०० मेगावॉटच्या केंद्रात ही यंत्रणा २००७ मध्ये चालू झाली. केंद्र बंद पडले नाही, आणि चिकूच्या बागाही त्यांच्याच शेजारी राहिल्या.

गोव्यात कोळशावरील वीजकेंद्र नाही, तेव्हा हा प्रश्न परक्यांचा, असे समजणारेही आपल्यात आहेत. गोव्याला मिळणाऱ्या विजेत कोरबा, विंध्याचल आणि रामगुंडम या केंद्रांचा वाटा आहे. त्यांपैकी विंध्याचल हे त्याच सिंगरौलीतील केंद्र. म्हणजे पणजीत दिवा लागतो तेव्हा राख तिकडे पडते. शिवाय मुरगावला उतरणारा कोळसा मुख्यतः पोलादाच्या कारखान्यांसाठी आहे. त्यातील मोठा भाग रेल्वेने घाट चढून बळ्ळारीकडे जातो. आमोणे येथे तर कोकच्या भट्ट्या आपल्याच मांडवीच्या काठी आहेत. कोक करताना कोळसा हजार अंशांच्या वर तापवावा लागतो. एवढ्या उष्णतेत पारा कोळशात राहत नाही, तो वायूबरोबर निघून जातो.

येथे अतिशयोक्तीचा मोह मात्र टाळला पाहिजे. धक्क्यावर पडलेला, न जळलेला कोळसा पारा ओकत बसत नाही. त्यातील बहुतेक द्रव्ये खनिजांच्या कोठडीत बंदिस्त असतात. वास्कोच्या हवेतील काळ्या धुळीचा श्वसनाला होणारा त्रास हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला विषाची फोडणी देण्याची आवश्यकता नाही. पण कोठडी उघडण्याची एक किल्ली आपल्याकडे आहे, आणि ती म्हणजे आपला पाऊस. पायराइट हवेत व पाण्यात राहिले की त्यातून आम्ल तयार होते, आणि त्या आम्लात धातू विरघळू लागतात. पोलादासाठी येणाऱ्या परदेशी कोळशात गंधक सामान्यतः कमी असते, त्यामुळे हा प्रकार येथे सौम्य असण्याचा संभव आहे. तथापि ज्या किनाऱ्यावर चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथील ढिगाऱ्यांतून झिरपणारे पाणी जुवारीच्या मुखाशी काय घेऊन जाते, हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरले पाहिजे. तिसऱ्या आणि खुबे हे प्राणी पाणी गाळून खातात. पाण्यात जे सापडत नाही ते त्यांच्या मांसात साठलेले सापडते. तपासणी करावयाची तर ती तेथे, आणि पावसाच्या आधी व पावसाच्या शेवटी अशी दोनदा.

कोळशाच्या व्यापारात प्रत्येक खेपेबरोबर पृथक्करणाचा कागद असतो. त्यावर ओलावा असतो, राख असते, गंधक असते. पोलादासाठीचा कोळसा असेल तर फॉस्फरसचाही आकडा बारकाईने दिलेला असतो, कारण फॉस्फरसने पोलाद ठिसूळ होते आणि नुकसान खरेदीदाराचे होते. पाऱ्याने व सोमलाने पोलादाचे काही बिघडत नाही. म्हणून नेहमीच्या प्रतवारीत त्यांना स्थान नाही. यात कोणाचे कारस्थान आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला झळ लागते तोच मोजतो, हा व्यवहाराचा रोकडा न्याय आहे. पण मग ज्यांना पाऱ्याची झळ लागू शकते त्यांच्या वतीने मोजणारा कोणी असावयास नको काय? ते काम राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. प्रत्येक जहाजातील कोळशाच्या पारा, सोमल, शिसे, कॅडमियम आणि सेलेनियम या पाच द्रव्यांचे पृथक्करण परवान्याची अट म्हणून मागणे आणि ते आकडे लोकांसमोर ठेवणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. केवळ प्रमाण नव्हे, तर निदान वर्षातून एकदा, प्रत्येक उगमस्थानाच्या कोळशात ही द्रव्ये कोणत्या रूपात आहेत याचाही अभ्यास करून घ्यावा. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. जुवारीचा गाळ आणि पाणी यांची तपासणी तिच्याकडे सोपविता येईल.

जहाज धक्क्याला लागले की कोळशाचा नमुना घेतला जातोच. त्याच नमुन्यातील एक पुडी मंडळाच्या हाती देण्यासाठी विधानसभेच्या पुढील अधिवेशनाची वाट पाहण्याचे काही कारण दिसत नाही.